गिऱ्हाईक कोणत्या शब्दाने शोधते?



पोराने वेबसाइट काढून दिली, गुळाचे फोटोही झकास आले, पण गिऱ्हाईक काही फिरकत नाही, अशी तक्रार आता खेड्यापाड्यांतही ऐकू येते. अशा वेळी आपले पान उघडून आपणच वाचावे. वर मोठ्या अक्षरांत बहुधा 'दर्जेदार कृषी उत्पादने' असे लिहिलेले असते. आता सांगा, पुण्या-मुंबईची कोणती गृहिणी 'दर्जेदार कृषी उत्पादने' शोधायला बसेल? तिला होळीच्या पोळ्यांना गूळ हवा असतो. ती मोबाइलवर लिहिते, 'पुरणपोळीसाठी गूळ', नाहीतर 'विनारसायन गूळ १ किलो'. हे शब्द तुमच्या पानावर नसतील, तर गुगलने तिला तुमच्या दारी आणावे तरी कसे?

हे शब्द घरबसल्या, फुकट सापडतात. गुगलच्या चौकटीत नुसते 'गूळ' लिहून थांबा. खाली आपोआप यादी उघडते. लोक खरोखर काय शोधतात त्यावरून ती तयार होते. मग 'गूळ पावडर', 'काकवी' असे एकेक लिहून पाहा आणि वहीत उतरवून घ्या. या कामाला घरच्या लक्ष्मीला जरूर बरोबर घ्या. फोनवर गिऱ्हाईक काय विचारते, हे पुष्कळदा तिलाच अधिक ठाऊक असते.

आपण 'ढेप' म्हणतो, शहरातली मुले 'ऑरगॅनिक जॅगरी' म्हणतात, हिंदी बोलणारे 'गुड' म्हणतात. आपली काकवी तिकडे 'लिक्विड जॅगरी' होते. तेव्हा मराठी नावाशेजारी ही नावेही सहज वाक्यात येऊ द्या. ऱ्हस्व 'गुळ' लिहून शोधणारेही असतात, पण एवढी चूक गुगल बहुधा सांभाळून घेते. आपण शुद्धच लिहावे.

नुसत्या 'गूळ' या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नका. तिथे मोठमोठ्या कंपन्या ठाण मांडून आहेत. 'भेंडीच्या रसाने मळी काढलेला गूळ' शोधणारे थोडे असतील, पण ते बाजार बघायला नव्हे, पिशवी घेऊनच आलेले असतात. ढेप, पावडर, काकवी यांना वेगवेगळे पान द्या, आणि शब्द मथळ्यात, पहिल्या दोन ओळींत व फोटोच्या वर्णनात घाला. एकच शब्द पन्नास वेळा कोंबला तर गुगल ते पान मागे ढकलू शकते. पानामागे दडवलेल्या शब्दांच्या यादीचा क्रमांकासाठी उपयोग करत नसल्याचे गुगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. ती यादी भरून देण्याचे कोणी पैसे मागितले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. 'पहिल्या नंबरवर आणतो' अशी हमी देणाऱ्यालाही तसेच. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही.

शब्द कितीही चालणारा असो, माल तसा नसेल तर तो वापरू नये. रंग उजळायला हायड्रॉस घातली असेल, तर 'विनारसायन' लिहिणे ही फसवणूकच. प्रमाणपत्र नसताना 'सेंद्रिय' लिहू नका. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुसरीकडचा गूळ त्या नावाने विकणे कायद्याच्याही अंगाशी येते.

संक्रांतीची तयारी संक्रांतीच्या आठवड्यात करून भागत नाही. 'तिळगुळासाठी चिक्कीचा गूळ' हे पान दिवाळीनंतर लगेच टाका, कारण नवे पान गुगलच्या नजरेत यायला वेळ लागतो. कोणत्या महिन्यात कोणता शब्द चढतो, हे 'गुगल ट्रेंड्स'वर दिसते.

दोन-तीन महिन्यांनी 'सर्च कन्सोल' उघडा. तेही फुकट आहे. कोणत्या शब्दाला तुमचे पान दिसले आणि कितींनी ते उघडले, याचा तिथे हिशेब असतो. पान दिसते पण कोणी उघडत नसेल, तर मथळा बदलून पाहा. आणि लोक काकवी शोधत येत असतील व तुमच्याकडे फक्त ढेपाच असतील, तर पुढच्या काहिलीतून चार बाटल्या काकवी आधीच उतरवून ठेवा.