नीरेचं बंड चालतं, शांताबाईंचं का नाही?

आठ मार्च जवळ आला की ‘कुंकू’ची मागणी सुरू होते. शिबिरात, महिला मंडळात, वस्तीतल्या समाजमंदिरात आपण तो दाखवतो. मी अनेकदा दाखवला आहे आणि पुढेही दाखवीन. मामानं फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते, तेव्हा सतरंजीवर बसलेल्या बायका अजून टाळ्या वाजवतात. तिच्या बाजूनं उभी राहणारी सावत्र मुलगी सुशीला शकुंतला परांजपे यांनी केली, त्याच पुढे संततिनियमनाच्या कामासाठी ओळखल्या गेल्या, हेही आपण चर्चेत आवर्जून सांगतो.

माझं भांडण यापुढचं आहे. ‘कुंकू’ 1937 चा. नीरेचं काम करणाऱ्या शांता आपटे 1939 मध्ये ज्या कंपनीनं तो काढला त्याच ‘प्रभात’च्या पुण्यातल्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. वाद करार आणि पगाराचा होता. त्याच वर्षी त्या कंपनीतून बाहेर पडल्या. ही गोष्ट आपल्या चर्चेत कधी येते का? आली तर किस्सा म्हणून येते. बाई मोठी तिखट होती, म्हणे एका संपादकाला छडीनं मारायला गेली होती, म्हणे असं, म्हणे तसं. लोक हसतात, चहा येतो.

त्याच 1939 च्या मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केलं. त्याला इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळाली. दोन उपोषणांची तुलना करायची नाही, पण साधन एकच होतं. ते एका कामकरी बाईनं आपल्या मालकाविरुद्ध वापरलं तर ती नटीची लहर कशी काय होते? गिरणीतली बाई फाटकाशी बसली असती तर आपण तिच्यावर पोवाडा रचला असता. नटी पडली सुखवस्तू, रंगवलेली, पैसेवाली. तिला कसले प्रश्न, असं आपल्यातल्याही कित्येकींना मनातून वाटतं.

तर मग तिचं काम काय होतं ते जरा पाहू. शांताबाई ‘प्रभात’मध्ये आल्या 1934 च्या ‘अमृतमंथन’पासून. मग ‘अमरज्योती’, ‘कुंकू’, ‘गोपालकृष्ण’. त्या नट्या होत्या तशाच गायिकाही होत्या. चेहरा त्यांचा, गळाही त्यांचाच. उभं राहून हातवारे, नजर, शब्द आणि सूर एकदम सांभाळायचे. ‘कुंकू’त तर भावनेला टेकू द्यायला पार्श्वसंगीतही नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. सगळा भार बाईच्या श्वासावर. हे कष्ट नव्हेत तर काय?

आणि याच कष्टात त्यांची ताकद होती असं मला वाटतं. गाणाऱ्या नटीच्या जागी रातोरात दुसरी आणता येत नाही. 1935 नंतर पार्श्वगायन हळूहळू रुजत गेलं आणि एका बाईचे दोन तुकडे झाले. एकीचा चेहरा, दुसरीचा गळा, आणि दोघींपैकी कोणालाही बदलणं सोपं. 1949 मध्ये ‘महल’च्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. गाणारी होती लता मंगेशकर. गळ्याला नावसुद्धा नाही! तंत्र सुधारलं, सोय झाली, हे खरं. सोय कोणाची झाली हे विचारायला आपण विसरायचं नाही.

शांताबाई नुसत्या फाटकाशी बसल्या नाहीत, त्यांनी लिहिलंही. 1940 मध्ये त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक निघालं. आठवणींचा, लाडिक गुजगोष्टींचा तो संग्रह नव्हे. पडद्यावरचं काम म्हणजे शरीर झिजवणारे कष्ट, धंदा चालतो तो अशा झिजणाऱ्या माणसांवर, असं त्यात एक नटी सांगते. आपल्या भाषेत बाईनं श्रमाविषयी लिहिलेल्या पुस्तकांची यादी करताना हे पुस्तक आपण धरतो का? मी पाहिलेल्या एकाही वाचनयादीत ते नव्हतं.

एक गोष्ट मला सतत खटकते. ‘कुंकू’त नीरेचं बंड सुटतं कसं? म्हाताऱ्यालाच आपली चूक उमगते आणि तो आत्महत्या करतो. म्हणजे पुरुषाचं मन पालटलं की बाई मोकळी. ती गोष्ट ना. ह. आपट्यांची, दिग्दर्शन शांतारामांचं, हेतू चांगलाच. पण फाटकाशी बसलेल्या बाईची गोष्ट दुसऱ्या कोणी लिहिलेली नव्हती, आणि तिथं कोणाचं मन पालटण्याची वाट पाहायची नव्हती. मग ती आपल्याला कमी क्रांतिकारक का वाटावी?

याचा आजच्याशी संबंध नाही असं कोणी म्हणू नये. 2005 मध्ये महाराष्ट्र सरकारनं डान्सबार बंद केले, तेव्हा नाचणाऱ्या बाईला कामकरी म्हणायचं की पीडित, यावरून आपल्याच संघटनांत उभी फूट पडली होती. रोजी गेलेल्या बायका मोर्चात आल्या तेव्हा त्यांच्या शेजारी उभं राहायला काही जणी बिचकल्या. केरळमध्ये मल्याळी चित्रसृष्टीतल्या बायकांच्या तक्रारींवरचा न्या. हेमा समितीचा अहवाल 2019 मध्ये सरकारच्या हाती पडला आणि लोकांसमोर आला 2024 च्या ऑगस्टमध्ये. तोही त्या बायकांनी चिवटपणे पाठपुरावा केला म्हणून. आपल्या मराठी नाटक-सिनेमा-मालिकांत रोज बारा-चौदा तास उभ्या राहणाऱ्या मुली आहेत, केशभूषा करणाऱ्या, कपडेपट सांभाळणाऱ्या आहेत. त्यांच्याकडे आपल्यातलं कोण गेलं आहे?

‘प्रभात’च्या त्या आवारात 1960 पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. 2015 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी 139 दिवस संप केला, देशभर गाजला. त्याच जागी शहात्तर वर्षांपूर्वी एक बाई एकटीच बसली होती, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.

येत्या आठ मार्चला ‘कुंकू’ जरूर दाखवा. पण पडदा गुंडाळल्यावर चर्चा नीरेवर थांबवू नका, अर्धा तास शांताबाईंना द्या. आणि आपल्या गावात तमाशाचा फड असेल, ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुली असतील, तर त्यांना त्या चर्चेला बोलवा. मुख्य पाहुण्या म्हणून.