सहल राणीच्या बागेत की पाण्याच्या वाटेने?

यंदाच्या सहलीवरून वर्गात दोन तट पडले आहेत. बहुतेकांना राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे आहेत. मलाही बघायचे आहेत, खोटं कशाला बोलू? पण मुंबईला आपण वर्षातून एकदा, फार तर दोनदा जाणारी माणसं. गेल्यासारखं आपल्या कामाचं काहीतरी बघून यावं, असं माझं मत आहे.

खेड्यातला माणूस मुंबईला गेला की कसा होतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आसनगावला कसारा लोकलमध्ये चढेपर्यंत आजोबांचा आवाज खणखणीत असतो. कल्याण आलं की तो खाली येतो. दादरला उतरल्यावर तर ते प्रत्येकाला वाट देत भिंतीच्या कडेने चालतात, जणू कुणाच्या घरात न विचारता शिरले आहेत. असं कशाला? ती मुंबई रोज आपल्या उशाचं पाणी पिते.

हे मी रागाने लिहीत नाही, हिशेब सांगते. तानसा धरण इंग्रजांच्या काळात, १८९२ साली झाले. भातसा त्याच्या पुष्कळ मागून. दोन्ही आपल्याच शहापूर तालुक्यात. मुंबईला सात तलावांचे मिळून दररोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मिळते, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. तानसाचं पाणी तर नुसत्या उताराने मुंबईला पोचतं. आपली वाडी पडली धरणाच्या वरच्या अंगाला. पाणी खाली पळतं, वर चढत नाही. चढवायचं तर पंप, वीज आणि पैसा लागतो. शिवाय आपल्याकडचा काळा कातळ पाऊस धरून ठेवत नाही. म्हणून श्रावणात ओढा ओलांडता येत नाही आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसतो. मे महिन्यात टँकर यायचा असला की आई हंडे नंबरात लावते आणि राखण करायला मला उभी करते.

आता आत्याच्या चाळीचं ऐका. ती भांडुपला राहते. तिथे दिवसभर नळ वाहतो असं आपल्या वाडीत पुष्कळांना वाटतं. कसलं काय! पहाटे पाचला पाणी येतं, सव्वासहाला जातं. आत्या पिंपं भरते आणि मगच चहा टाकते. मुलुंडला ज्या इमारतीत ती स्वैपाकाला जाते तिथे मात्र चोवीस तास पाणी, आणि खाली मोटारी नळीने धुतात. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. धुणाऱ्याने नळी तशीच जमिनीवर सोडली होती आणि तो फोनवर बोलत उभा होता. मी मनात हंडे मोजू लागले. अकरा झाले तेव्हा आत्याने वरून हाक मारली.

तेव्हा मुंबईचे सगळेच पाणी उधळतात असं म्हणता येत नाही. आपण बिचारे, आपण बिचारे, हे रडगाणंही मला पटत नाही. हे पाणी कुठून कुठे जातं, स्वच्छ कसं होतं, कुणाला किती मिळतं, ते एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. बघितलं तर विचारता येतं. ग्रामसभेत आपले आईबाबा टँकरसाठी हात जोडतात. उद्या आपण उभे राहू तेव्हा हातात आकडे हवेत.

भांडुपला पाणी शुद्ध करण्याचे फार मोठे केंद्र आहे. आत जायला परवानगी मागावी लागेल, म्हणून गुरुजींनी शाळेच्या शिक्क्याचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधीच पाठवावा. परवानगी मिळाली तर सकाळी भांडुप आणि दुपारी भायखळ्याला उतरून पेंग्विन; दोन्ही तट खूश. फक्त बुधवार नको, राणीची बाग बुधवारी बंद असते.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी