साथीच्या काळात अन्न व मूलभूत मदतीसाठी कायम निधी ठेवण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, नागपूर.

विषय : आरोग्य संकटात रेशन कार्ड व नोंदणीची अट न लावता गरजूंना अन्न व मदत देण्यासाठी स्वतंत्र निधीची तरतूद करणे.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नागपुरातील घरेलू कामगार, फेरीवाले, बांधकाम मजूर व हमाल आहोत. पुढची साथ येण्याआधी खालील बाबींचा विचार व्हावा, यासाठी हे निवेदन सादर करत आहोत.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली आणि आमची रोजी बंद पडली. पुढे सतरंजीपुरा, मोमिनपुरा या वस्त्या सील झाल्या. घरातले पीठ संपले तरी बाहेर पडायची सोय नव्हती. अन्न सुरक्षा यादीतील कुटुंबांना केंद्राने माणशी 5 किलो धान्य मोफत दिले, त्यावर असंख्य चुली पेटत्या राहिल्या. यादीत नाव नसलेल्या केशरी कार्डधारकांना मात्र मे-जूनमध्ये गहू 8 रुपये व तांदूळ 12 रुपये किलोने विकत घ्यावा लागला. काम बंद असलेल्या घरात तेवढेही पैसे नव्हते.

एप्रिल 2021 मध्ये राज्य शासनाने 5,476 कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यातील प्रत्येकी 1,500 रुपये नोंदणीकृत कामगार, अधिकृत फेरीवाले व परवानाधारक रिक्षाचालकांसाठी होते. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे आपण कामगार असल्याचा कागद नसतो. रस्त्याकडेला भाजी विकणाऱ्या अनेकांकडे परवाना नसतो. ज्यांना गरज जास्त, तेच यादीबाहेर राहिले.

अशा गरजूंसाठी निधी ठेवण्यास कायद्याचा आधार आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मध्ये जिल्हा आपत्ती प्रतिसाद निधीची तरतूद आहे. टाळेबंदीत अडकलेल्यांच्या अन्न-निवाऱ्यावर राज्य आपत्ती प्रतिसाद निधी खर्च करण्यास केंद्राने मार्च 2020 मध्ये मुभा दिली होती. स्थलांतरित मजुरांना कोरडा शिधा द्यावा व साथ असेपर्यंत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 29 जून 2021 रोजी दिला.

आमच्या मागण्या :

1. जिल्हा आपत्ती प्रतिसाद निधीत व महापालिकेच्या अंदाजपत्रकात अन्न व मूलभूत मदतीसाठी स्वतंत्र रक्कम दरवर्षी राखून ठेवावी. संकट जाहीर होताच ती खर्च करण्याचे अधिकार तहसीलदार व झोन कार्यालयांना द्यावेत.

2. रेशन कार्ड नसलेल्यांना स्वयंघोषणापत्रावर धान्य, डाळ, तेल व मीठ द्यावे.

3. वस्ती सील केल्यापासून 24 तासांत शिधा, दूध, औषधे व गॅस सिलिंडर दारापर्यंत पोहोचवावेत.

4. मेडिकल व मेयो रुग्णालयांत विदर्भासह मध्य प्रदेश, छत्तीसगडचे रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांसाठी तेथे शासनाच्या शिवभोजन योजनेच्या थाळ्या वाढवाव्यात, साथीत त्या मोफत द्याव्यात व केंद्रचालकांची देयके वेळेत द्यावीत.

5. घरेलू कामगार व फेरीवाल्यांच्या नोंदणीसाठी वस्त्यांमध्ये आताच शिबिरे घ्यावीत.

6. मदतीचा प्रभागनिहाय हिशेब झोन कार्यालयात फलकावर लावावा.

साथीत घरी थांबा हा शासनाचा आदेश आम्ही पाळला आणि पुढेही पाळू. त्या काळात आमच्या घरी अन्न पोहोचवणे ही शासनाची जबाबदारी आहे. वरील मागण्यांवर 15 दिवसांत बैठक बोलवावी व केलेली कार्यवाही लेखी कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
नागपूर शहरातील असंघटित कामगार व रहिवासी

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका.