अळिंबीचं लोणचं: आधी व्हिनेगर, मग तेल

पावसाळा लागला की पाटण, जावळी, शिराळ्याच्या बाजूला भाताच्या पेंढ्यावर धिंगरी अळिंबी घेणाऱ्या घरांत एक अडचण दरवेळी येते. पिशव्यांना बियाणं लावल्यापासून तीन-साडेतीन आठवडे काही दिसत नाही, आणि मग दोन दिवसांत सगळ्या पिशव्या एकदम फुलतात. धिंगरी काही बटाटा नव्हे. काढली की बाहेर एक दिवस, फार तर दोन दिवस. गाडी चुकली, पाऊस लागला, कराडच्या मंडईत माल पडून राहिला की संध्याकाळी घरात कुणीतरी म्हणतंच, "फेकायची कशाला, लोणचं घालू की."

जरूर घाला. माझी एवढीच विनंती आहे की ते कैरीच्या लोणच्यासारखं घालू नका. चिरून, मीठ-हळद लावून, मसाला कालवून, वर तेल ओतून बरणी फडताळात ठेवायची ही आपल्या आज्यांची रीत कैरीसाठी आणि लिंबासाठी अगदी बरोबर आहे. अळिंबीसाठी ती धोक्याची आहे. मी हे घाबरवायला सांगत नाही. कारण समजलं की कृती आपोआप बरोबर होते, म्हणून आधी कारण सांगतो.

ऊस आणि द्राक्षं करणाऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरचा 'सामू' ठाऊक असतो. सामू सातच्या खाली जितका जास्त उतरेल, तितका पदार्थ आंबट. कच्च्या कैरीचा सामू तीनच्या आसपास असतो, लिंबाचा त्याहूनही कमी. अळिंबीचा सहाच्या वर. म्हणजे कैरीचं लोणचं टिकतं ते तेला-मिठाबरोबरच कैरीच्या स्वतःच्या आंबटपणामुळे, आणि नेमका तोच अळिंबीत नाही. मातीत सगळीकडे असणारा एक जिवाणू आहे, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. त्याचे बीजाणू पेंढ्याबरोबर, धुळीबरोबर कुठेही येतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत. हवा लागेल तिथे ते गप्प पडून राहतात. जिथे हवा नाही, ओल आहे आणि आंबटपणा नाही, तिथे ते उगवतात आणि जे विष तयार करतात त्याच्याइतकं जहाल विष क्वचितच दुसरं असेल. तेलाखाली बुडालेली, आंबट न केलेली अळिंबी ही त्यांच्यासाठी आयती जागा.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटकन कळेल. हळद जमिनीखाली, हवा न लागू देता ठेवायची, आणि पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. आधी ते तसंच उघडं ठेवायचं. हवा बंद केल्याने माल राखला जातो, पण त्याच बंद जागेत जिवाला धोकाही तयार होतो, हे हरिपूरच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तेलाचा थर म्हणजे बरणीतलं छोटं पेवच. कैरीत आतला आंबटपणा राखणदार असतो. अळिंबीत तो राखणदार आपल्याला बाहेरून आणून बसवावा लागतो.

"हळद घातलीय की भरपूर," असं म्हणून भागत नाही. हळद, हिंग, मोहरी यांनी चव येते, बुरशीला थोडा आळा बसतो, पण या जिवाणूला रोखायला तेवढं पुरत नाही. मीठही खाण्याजोगं असतं तेवढं पुरत नाही. आणि लसूण? तोही जमिनीतून आलेला, आंबटपणा नसलेला. 1985 साली कॅनडातल्या व्हँकूवर शहरात तेलात घालून फ्रिजबाहेर ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना हीच विषबाधा झाली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं निदान सुरुवातीला चुकलं होतं. म्हणून अळिंबीच्या लोणच्यात कच्चा लसूण वरून टाकू नका. घालायचाच तर व्हिनेगरमध्ये अळिंबीबरोबर उकळून घ्या.

रशिया, पोलंड, लिथुआनिया या थंड मुलखांत जंगलातली अळिंबी वर्षभरासाठी बरणीत घालायची जुनी पद्धत आहे: व्हिनेगर, मीठ, तमालपत्र, मिरी, शेपू. तिकडेही घरच्या बरण्यांनी माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांत घरी डबाबंद केलेली अळिंबी वारंवार येते. अनुभव असलेल्या लोकांकडूनही चूक होते ती आंबटपणात कंजूषी केल्याने.

आता कृती. अर्धा किलो ताजी धिंगरी किंवा बटण घ्या. वास आलेली, चिकट झालेली, कडा पिवळ्या पडलेली बाजूला काढा. उरलासुरला माल लोणच्यात ढकलायचा ही सवय इथे सोडायला हवी. देठाचा पेंढ्याला चिकटलेला कठीण भाग कापून टाका, वाहत्या पाण्यात पटकन धुवा. धिंगरी हाताने उभी फाडा, बटणाचे दोन किंवा चार तुकडे करा. अख्खं बटण दिसायला छान, पण आंबट आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. स्टीलच्या पातेल्यात पाणी, एका लिंबाचा रस आणि चमचाभर मीठ घालून उकळी आणा, त्यात तुकडे पाच मिनिटं उकळा आणि चाळणीत निथळत ठेवा. अर्धा किलोचा ढीग बघता बघता वाटीत मावेल एवढा होतो. घाबरू नका, सगळं पाणीच होतं.

आता त्याच पातेल्यात अडीचशे मिलिलिटर व्हिनेगर घ्या. बाटलीवर 4 किंवा 5 टक्के लिहिलेलं असतं, तेच. त्यात पाणी घालायचं नाही. या एका वाक्यासाठी मी एवढं लिहितोय असं समजा. आंबट फार वाटलं तर चव गुळाने किंवा साखरेने सावरा, पाण्याने नाही. व्हिनेगरमध्ये चार चहाचे चमचे मीठ, थोडा गूळ, आठ-दहा लसूण पाकळ्या आणि हवं तर आल्याचे काप घालून उकळा, निथळलेली अळिंबी सोडा आणि पुन्हा पाच मिनिटं उकळू द्या. ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईचं पितळ वापरू नका, आंबटाने ते पदार्थात उतरतं. उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केलेल्या काचेच्या बाटलीत हे सगळं व्हिनेगरसकट भरा, गार झालं की रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

दुसऱ्या दिवशी आपलं लोणचं. अळिंबी काढून घ्या, व्हिनेगर ओतून देऊ नका. अर्धी वाटी तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, हिंग, मेथीचे थोडे दाणे. तेल कोमट झाल्यावर मोहरीची डाळ, तिखट आणि हळद. सांगली, वाई, कोरेगाव भागात चांगल्या हळदीसाठी लांब जावं लागत नाही. हे अळिंबीवर घालून कालवा, बाजूला ठेवलेल्या व्हिनेगरपैकी निम्मं तरी परत ओता. बरणी फ्रिजमध्येच, आणि पंधरा दिवसांत संपवायची. झाकणावर तारीख लिहा. फडताळात नाही, माळ्यावर नाही, "वर्षभराचं" तर मुळीच नाही. वर्षभराच्या लोणच्याचा अभिमान आपल्या घरांत मोठा आहे आणि तो मलाही आहे, पण तो कैरीपुरता ठेवूया.

चुकूनमाकून कुणी साध्या रीतीने घातलेलं लोणचं खाल्लं, आणि बारा तासांपासून दीड-दोन दिवसांत, कधी आणखी उशिरा, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं, पापण्या जड झाल्या, जीभ अडखळली, घास गिळेना, तोंड कोरडं पडलं, तर "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी थांबू नका. ताप नसतो, म्हणून लोक गाफील राहतात. 108 ला फोन करा, मोठ्या रुग्णालयात जा, काय खाल्लं ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि बरणी बरोबर न्या. झाकण फुगलेली, उघडताना फस्सकन वाजणारी बरणी चाखूनसुद्धा बघायची नाही. आणि वास चांगला आहे म्हणजे माल चांगला आहे, हे या विषाला लागू पडत नाही.

आता पोषणाचं. बचत गटांच्या पाकिटांवर "प्रोटीन 20 ते 30 टक्के" असं दिसतं, आणि ते खोटं नाही. पण तो आकडा पूर्ण वाळवलेल्या अळिंबीचा आहे. ताज्या अळिंबीत शंभरातले नव्वद भाग पाणी. शंभर ग्रॅम ताज्या अळिंबीत सुमारे 3 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे जवळजवळ दुधाइतकीच. कोरड्या तूरडाळीत शंभर ग्रॅमला 22 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणून मुलाची वाढ व्हावी म्हणून डाळ, मटकी, अंडं बाजूला सारून अळिंबी देऊ नका. ती त्यांच्याबरोबर द्या. अळिंबीत चरबी जवळपास नसते, उष्मांक फार कमी, पोटॅशियम आणि ब गटातली रायबोफ्लेविन, नायसिन ही जीवनसत्त्वं चांगली. मधुमेही माणसाच्या ताटात ताजी अळिंबीची भाजी छान बसते. बी-12 साठी मात्र शाकाहारी घरांनी तिच्यावर विसंबू नये.

एक गोष्ट मला फार आवडते. अळिंबीत एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो, आणि ऊन लागलं की त्याचं ड जीवनसत्त्व होतं. आपल्या कातडीत होतं तसंच काहीसं. भाजी करण्याआधी चिरलेली अळिंबी, खालची पात्यांची बाजू वर करून, दुपारच्या कडक उन्हात अर्धा-पाऊण तास ताटात पसरून ठेवा. खर्च शून्य. दिवसभर घरात किंवा ऑफिसात बसणाऱ्यांनी तर हे करावंच.

लोणच्यात काय उरतं? प्रथिनं बरीचशी राहतात, पण उकळण्याच्या पाण्यात ब जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम निघून जातं, आणि वर मीठ चढतं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला एकूण 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. भाकरी, आमटी, चटणी यांतच तेवढं होऊन जातं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी लोणचं चवीपुरतंच घ्यावं, इतरांनी दोन-तीन तुकडे. पोषणासाठी भाजी आणि चवीसाठी लोणचं असा हिशेब ठेवला की दोन्हींना न्याय मिळतो.

आणि चवीला ते खरंच उपयोगी आहे. माण-खटावची बाजरीची भाकरी, जत-आटपाडीची ज्वारीची, पाटणकडची नाचणीची, यांपैकी कुठल्याही भाकरीवर पिठल्याच्या शेजारी हे लोणचं बसतं. दही-भातावर बारीक चिरून घाला. अंड्याच्या पोळीत किंवा थालीपिठाच्या पिठात दोन चमचे घालून बघा, वेगळं मीठ घालायची गरज पडत नाही. सांगलीकरांना मी एकच गोष्ट सुचवतो: भडंगात कांदा-कोथिंबिरीबरोबर निथळून घेतलेली लोणच्याची अळिंबी, अगदी खायच्या वेळी. आधी घातली तर कुरमुरे मऊ पडतात. उरलेलं अळिंबीचं व्हिनेगर फ्रिजमध्ये ठेवा, काकडीच्या कोशिंबिरीत किंवा उसळीत लिंबाऐवजी चमचाभर वापरा, आणि तेही त्याच पंधरा दिवसांत. त्यात नवी अळिंबी मात्र घालू नका. आंबटपणा आधीच खर्च झालेला असतो.

रानातल्या अळिंबीबद्दल मला कडक बोलावंसं वाटतं. पहिल्या पावसात वारुळावर उगवणारी अळिंबी ही डोंगरातल्या लोकांची ओळखीची गोष्ट आहे. ती वाळवी स्वतःच्या वारुळात जोपासते त्या बुरशीची असते, आणि ज्यांच्या घरात ती ओळख पिढ्यांची आहे त्यांना मी काय शिकवणार? पण त्यांनीही तिचं लोणचं घालू नये. ताजी शिजवून खावी. बाकीच्यांनी तर रस्त्याकडेला मिळाली म्हणून घेऊ नये. लसूण काळा पडला नाही, चांदीचं नाणं काळं पडलं नाही, किड्यांनी खाल्लीय म्हणजे चांगलीच असणार, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. अमॅनिटा जातीतल्या काही छत्र्यांचं विष शिजवून जात नाही, व्हिनेगरने जात नाही, वाळवूनही जात नाही. त्रास सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतो, मधे एक दिवस बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत आलेलं असतं. ताज्या भाजीत चूक झाली तर ती एका जेवणाची. बरणीत एक विषारी छत्री पडली तर ती पंधरा दिवस घरभर वाटली जाते, आणि मसाल्यात कालवल्यावर कुठली होती ते कुणालाच ओळखता येत नाही.

ज्या गटांना हे लोणचं विकायचं आहे त्यांच्याशी दोन शब्द. घरच्या फ्रिजमधली पंधरा दिवसांची कृती आणि दुकानात महिनोन्‌महिने राहणारी बाटली या वेगळ्या गोष्टी आहेत. विकण्याआधी तयार मालाचा सामू प्रयोगशाळेतून तपासून घ्या. तो 4.6 च्या खाली असायलाच हवा, आणि चारच्या खाली असला तर मला झोप लागेल. प्रत्येक घाण्याची तपासणी करा, पहिल्याच बाटलीची नाही. अन्न परवाना काढा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून यंत्रांसाठी 35 टक्के अनुदान मिळू शकतं, तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा. प्रशिक्षणासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात राहुरी विद्यापीठाचा अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, आणि साताऱ्याजवळ बोरगावला कृषी विज्ञान केंद्र आहे.

पूर्वेकडच्या, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळच्या बायांनी मात्र लोणच्याच्या मागे लागण्याआधी स्वतःच्या उन्हाकडे बघावं. दहा किलो ताज्या धिंगरीची साधारण एक किलो सुकी होते, कडकडीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवली तर काही महिने टिकते, तिला ना व्हिनेगर लागतं ना फ्रिज. सुकी अळिंबी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवली की रश्शात घालता येते, कांदा-लसूण मसाल्यात ती मटणासारखी लागते. तुमच्याकडे ऊन आहे, पश्चिमेकडे श्रावणात ते नसतं. लोणचं त्यांच्यासाठी राहू द्या.