नवा जॉबर

मशीनला जात नसते, असं आपल्यातलीच शिकलेली पोरं आता छातीठोकपणे सांगायला लागलीत. माणूस आडनाव बघतो, एआय एजंट फक्त काम बघतो म्हणे. तुम्ही तुमच्या एजंटला सांगायचं तुम्हाला काय येतं, कंपनीचा एजंट सांगणार तिला काय पायजे, आणि दोघं आपसात बोलून जोडी जुळवणार. नोकरीच नाही, धंद्यातला भागीदार, नाटकाचा लाइटवाला, संशोधनातला सोबती, सगळं जुळवणार. वशिला संपला. वा रे वा!

मी विचारतो, हा एजंट शिकला कुणाच्या शाळेत?

अॅमेझॉननं २०१४ पासून माणसं निवडणारं यंत्र बनवायला घेतलं. मागच्या दहा वर्षांत आलेले अर्ज त्याला चारले. अर्ज बहुतेक पुरुषांचे. यंत्रानं ओळखलं, मालकाला पुरुष आवडतो. अर्जात ‘महिला’ शब्द दिसला की ते गुण कापायचं. शेवटी ते मोडीत काढावं लागलं, २०१८ साली बातमी फुटली. बाया नकोत असं कुणी त्याला शिकवलं नव्हतं. ते आपलं आपण शिकलं, घरातलं पोर शिकतं तसं.

आता तिथं जात ठेवून बघा. बायोडाट्यात जात लिहायची नसते. आडनाव लिहितो, पत्ता लिहितो, कॉलेज लिहितो, मिळालेली स्कॉलरशिप लिहितो. च्यायला, मग लिहायचं राहिलं काय? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना एकाच लायकीचे अर्ज धाडले, फक्त नावं बदलली. २००७ साली निकाल छापला. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या जवळपास दोन-तृतीयांश. ज्या साहेबांनी ही नावं बाजूला सारली, त्यांच्याच निवडींवर उद्याचा एजंट पोसणार.

हे आपल्याला नवं नाही. मुंबईच्या गिरणीत जॉबर होता. माणूस भरायचा तो आपल्या गावचा, आपल्या भावकीतला. साचेखात्यात पगार जास्त, पण धोट्यातनं धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालेना, म्हणून ते खातं आम्हाला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी साचेखातं उघडा ही मागणी लावून धरली. एजंटही तेच करतो: कोण कुणाबरोबर राबला, कुणाला कोण ओळखतं, ते बघून माणूस सुचवतो. माझ्या वस्तीतल्या बापांची ओळख कुणाशी? नाक्यावरच्या बिगाऱ्याशी, सफाई खात्यातल्या मुकादमाशी. यंत्राच्या हिशेबी ती ओळख म्हंजे शून्य.

बरं, जॉबरची निदान गचांडी धरता येत होती. ह्याला ना तोंड, ना सही. ‘तुमचा अर्ज पुढे नेता येत नाही’, एवढंच येतं, तेसुद्धा आलं तर. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून भरतीच्या यंत्रांची तपासणी सक्तीची आहे. तिथं वंश बघतात, स्त्री-पुरुष बघतात, जातीचा रकाना नाही. इथं तर आरक्षणच सरकारी नोकरीच्या उंबऱ्याशी थांबतं. खाजगी मालक मोकळा, आणि एजंट त्याचा चाकर.

मग काय मशीन फोडायची? कशाला? साहेबाचं मन चिरून दाखवता येत नव्हतं, मशीनचं येतं. एकच बायोडाटा हजार वेळा टाक, आडनाव तेवढं बदल. ती थकत नाही, लाजत नाही, आपलं पाप आपल्याच आकड्यांत ओकते. ही तपासणी मालकानं करून जाहीर केली पायजे, आणि नाकारलेल्या प्रत्येकाला कारण लेखी मिळालं पायजे. पण मालक करील म्हणून वाट बघत बसू नका. कंप्युटर शिकलेली पोरं आता वस्तीवस्तीत आहेत. कुलकर्णी लिहा, कांबळे लिहा, शेख लिहा, बाकी अक्षर बदलू नका. तारखेनिशी उत्तरं जपून ठेवा आणि आमच्याकडे धाडा. आम्ही छापू, आणि तोच अंक कंपनीच्या गेटवर नेऊन चिकटवू.