उंदराचे तोंड आणि आपले तोंड

'उंदरांवरील प्रयोग यशस्वी' अशा मथळ्याची बातमी छापून आली की तिचे कात्रण घेऊन दवाखान्यात येणारे रुग्ण नांदेडला भेटतात, तसे लातूरलाही भेटतात. तोंडातील बुरशीने त्रासलेला विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे औषध आपल्याकडे कधी येणार?" दुसरा म्हणतो, "माणसाचा रोग उंदराला देऊन काय कळणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. माझे मत असे की, या प्रयोगांतून औषध निघेल तेव्हा निघेल. रोग का होतो हे मात्र त्यांतून आजच शिकता येते.

तोंडात नेहमी आढळणारी बुरशी म्हणजे कॅन्डिडा. जिभेवर आणि गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर बसतो, तो पुसला की खालचा भाग लाल दिसतो आणि तिखट लागताच आग होते. ही बुरशी कुठून तरी बाहेरून येते, असा समज आहे. वास्तविक कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात ती मुक्कामालाच असते. लाळ, तोंडातील इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला वाढू देत नाहीत.

उंदराच्या तोंडात ही बुरशी सहसा नसते आणि नुसती सोडली तर टिकतही नाही. म्हणून संशोधक आधी उंदराला स्टेरॉइड देऊन त्याची प्रतिकारशक्ती खाली आणतात. पिण्याच्या पाण्यात टेट्रासायक्लिनसारखे अँटिबायोटिक घालून इतर जंतू कमी करतात आणि मग कापसाच्या बोळ्याने बुरशी लावतात. कवळीखाली येणाऱ्या सुजेचा अभ्यास करायचा असेल तर मोठ्या जातीच्या उंदराच्या टाळूवर प्लॅस्टिकची पट्टी बसवतात.

वाचकहो, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि टाळूला चिकटलेली कवळी, ही यादी ओळखीची वाटते ना? प्रयोगशाळेत जे उंदराला मुद्दाम करावे लागते, ते आपण आपल्या हाताने करून घेतो. अंगदुखीसाठी चिठ्ठीशिवाय दुकानातून गोळ्या आणतो, सर्दीला घरात उरलेल्या कॅप्सूल घेतो आणि कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवतो.

२०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत मराठवाड्याने म्युकरमायकोसिस पाहिला. ही बुरशी कॅन्डिडाहून निराळी. ती नाकातून शिरते आणि टाळू, जबडा, डोळ्यापर्यंत पोचते. कुणाचा वरचा जबडा काढावा लागला, कुणाचा डोळा. हिच्या अभ्यासासाठी उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन हे द्रव्य टोचून मधुमेह जडवतात. साखर बेसुमार वाढून रक्तात आम्ल साचले की बुरशी मोकाट सुटते. आपल्या रुग्णांतही बहुतेक ठिकाणी वाढलेली साखर आणि स्टेरॉइड हीच जोडी होती.

पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही याच रोगाने दाखवले. या बुरशीला वाढण्यासाठी लोह लागते. शरीरातील जादा लोह काढणारे डेफेरासिरॉक्स हे औषध मधुमेही उंदरांना दिल्यावर ते अधिक जगले, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २० रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये आला. नेहमीच्या ॲम्फोटेरिसिनच्या जोडीला हे औषध घेतलेल्या ११ पैकी ९ जण ९० दिवसांत दगावले. न घेतलेल्या ९ पैकी २. पहिल्या गटातील रुग्ण मुळात अधिक आजारी होते, त्यामुळे सारा दोष औषधाला देता येत नाही. तरीही बातमीवर विसंबून औषध बदलू नये, हा धडा पक्का.

मग मुक्या जिवांना छळायचे कशाला? १९५० मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी मातीतील जंतूंपासून निस्टॅटिन शोधले. त्याआधी बुरशी मारणारी अनेक द्रव्ये प्राण्यांनाही विषारी ठरून बाद झाली होती. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९६१ च्या सुमारास पुढे आलेले हॅमायसिनही उंदरांवर पारखले गेले. घातक द्रव्य माणसापर्यंत पोचू न देणे, हा या प्रयोगांचा मोठा उपयोग. आपल्याकडे असे प्रयोग १९६० च्या कायद्याखाली समितीच्या परवानगीनेच करता येतात. दुसरा मार्ग नसेल तेव्हाच ते करावेत, असे मला वाटते. आणि केले, तर त्यांतून मिळालेले शहाणपण वाया घालवू नये.

दम्याचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवावी. स्टेरॉइड स्वतःहून सुरू करू नये आणि एकदम बंदही करू नये. मोठ्या माणसाच्या तोंडात पांढरा थर वारंवार येत असेल तर आधी साखर तपासावी. टाळू काळी पडली, वरचे दात अचानक हलू लागले किंवा एका बाजूचा गाल सुजून बधिर झाला, तर सोमवारची वाट पाहू नये. त्याच दिवशी नांदेड किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.