'समजलं ना काका?' रुग्णाला घरी स्वतःची काळजी घ्यायला शिकवणं नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना कितपत शिकवलं जातं?

सरकारी रुग्णालयातला मेडिसिनचा वॉर्ड. दुपारचे तीन वाजलेत. पन्नाशीतल्या एका रिक्षाचालकाला डिस्चार्ज मिळालाय. साखर खूप वाढल्यामुळे ते दाखल झाले होते आणि आता त्यांना रोज इन्सुलिन घ्यायचं आहे. पोस्टिंगवर असलेली नर्सिंगची विद्यार्थिनी पाच-सात मिनिटांत सगळं सांगते. सुई कुठे टोचायची, किती युनिट घ्यायचे, जेवण कधी करायचं, गोड टाळायचं. शेवटी ती विचारते, "समजलं ना काका?" काका मान डोलावतात, "हो सिस्टर." विद्यार्थिनी आपल्या नोंदीत 'हेल्थ एज्युकेशन दिलं' असं लिहिते.

हे दृश्य कुठल्या एका रुग्णालयातलं नाही. थोड्याफार फरकाने कुठल्याही वॉर्डात ते दिसेल. यात विद्यार्थिनीचं काही चुकलं असंही नाही, कारण तिला जेवढं शिकवलं होतं तेवढं तिने केलं. खरी परीक्षा मात्र रात्री घरी सुरू होते. तिथे सिस्टर नसतात आणि सिरिंज काकांच्या स्वतःच्या हातात असते.

इन्सुलिनचंच उदाहरण का?

कारण यातली एक छोटी चूक जिवावर बेतू शकते. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने ४० युनिट प्रति मिलिलिटर या ताकदीच्या असतात. पेनमध्ये घालायच्या कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या असतात. दोन्हींसाठी सिरिंज वेगळी लागते. ४० च्या सिरिंजचं टोपण साधारणपणे लाल असतं, तर १०० च्या सिरिंजचं केशरी.

आता समजा, काकांकडे ४० ची बाटली आहे आणि मेडिकलवाल्याने १०० ची सिरिंज दिली. काका अगदी सांगितल्याप्रमाणे २० च्या रेघेपर्यंत औषध ओढतात. प्रत्यक्षात शरीरात जातात फक्त ८ युनिट. उलट झालं, म्हणजे १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली, तर २० च्या रेघेवर ५० युनिट जातात. अडीचपट डोस. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

'२० युनिट घ्या' ही सूचना दोन्ही वेळा बरोबरच होती. पण काकांच्या पिशवीतली बाटली आणि सिरिंज बाहेर काढून, 'तुम्ही घरी जशी भराल तशी आत्ता भरून दाखवा' असं कुणी म्हटलं असतं, तर घोळ तिथेच लक्षात आला असता.

आणि हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. या सगळ्यांना इन्सुलिन लागत नाही. पण गोळ्या, जेवण, पायांची निगा आणि तपासण्या हे सगळं वर्षानुवर्षं घरीच सांभाळावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितलं होतं की, दीर्घ आजारांत ठरलेले उपचार नीट चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे.

'सेल्फ-केअर' ही कल्पना नर्सिंगमध्ये आली कुठून?

बी.एस्सी. नर्सिंगच्या कुठल्याही विद्यार्थ्याला डोरोथिया ओरेम हे नाव ठाऊक असतं. परीक्षेत त्यांच्या सिद्धांतावर प्रश्न येतो, म्हणून का होईना. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये १९१४ साली जन्मलेल्या ओरेम १९५० च्या दशकाच्या अखेरीस वॉशिंग्टनमध्ये सरकारी शिक्षण विभागात काम करत होत्या. प्रॅक्टिकल नर्सचं प्रशिक्षण सुधारायचं, हे त्यांचं काम होतं. अभ्यासक्रमात काय घालावं हे ठरवायचं तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं: माणसाला नर्सची गरज नेमकी कधी लागते?

त्यांचं उत्तर साधं होतं. माणूस एरवी स्वतःची काळजी स्वतः घेतो. आजारपणात गरज वाढते आणि ताकद किंवा माहिती कमी पडते. ही जी तूट पडते, ती भरून काढायला नर्स लागते. १९७१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला. बेशुद्ध रुग्णाचं सगळंच नर्सने करायचं, ऑपरेशननंतर सावरणाऱ्याचं अर्धं त्याने आणि अर्धं नर्सने, आणि जो स्वतः करू शकतो त्याला शिकवायचं, आधार द्यायचा.

म्हणजे ज्या विचाराचा उगमच अभ्यासक्रमाच्या प्रश्नातून झाला, तो आज अनेकदा दहा मार्कांच्या उत्तरापुरता उरलाय. आकृती काढा, तीन प्रकार लिहा, झालं.

मग कॉलेजात शिकवतात तरी काय?

अगदीच काही शिकवत नाहीत असं नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना 'हेल्थ टॉक' द्यावा लागतो. त्यासाठी लेसन प्लॅन लिहायचा, चार्ट रंगवायचा, फ्लॅश कार्ड करायची. ओपीडीबाहेर बाकांवर बसलेल्या लोकांसमोर उभं राहून 'मधुमेही रुग्णाचा आहार' यावर बोलायचं. मॅडम मागे उभ्या राहून मार्क देतात. मार्क चार्टला असतात, बोलण्याला असतात, विषयाच्या क्रमाला असतात. ऐकणाऱ्याला शेवटी काय करता आलं, हे क्वचितच मोजलं जातं. ते रंगीत चार्ट करण्यात विद्यार्थ्यांच्या किती रात्री जातात, हे त्यांच्या घरच्यांना विचारावं.

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलून आठ सेमिस्टरचा आणि क्रेडिटवर आधारलेला केला. त्याची अधिसूचना जुलै २०२१ मध्ये निघाली. यात पाठांतरापेक्षा प्रत्यक्ष कौशल्यावर, सिम्युलेशनवर भर आहे. संवाद आणि शिकवण्याच्या पद्धती यांनाही जागा आहे. कागदावर पाया तयार आहे. अडचण आहे ती 'माहिती दिली' आणि 'रुग्णाला जमलं' यातला फरक मूल्यमापनात आणण्याची.

फरक नेमका कशाने पडतो?

जगभरात यासाठी 'टीच-बॅक' नावाची पद्धत वापरली जाते. सांगून झालं की रुग्णालाच परत सांगायला किंवा करून दाखवायला लावायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण विचारण्याची तऱ्हा शिकावी लागते. 'समजलं का?' या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर 'हो' हेच असतं. सिस्टरला नाही कसं म्हणायचं, आपण अडाणी ठरू, मागे रांग आहे, अशी कारणं बरीच. त्याऐवजी 'मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, घरी गेल्यावर काकूंना कसं सांगाल?' असं विचारलं, तर परीक्षा सिस्टरची होते आणि रुग्ण मोकळा होतो. चूक निघाली तर पुन्हा सांगायचं आणि पुन्हा विचारायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे घर समजून घेणं. साच्यातला सल्ला इथे फसतो. 'इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा' हे बीडहून ऊसतोडीला गेलेल्या आणि कोपीत राहणाऱ्या बाईला सांगून काय उपयोग? तिला ओल्या मातीच्या मडक्याचा उपाय सांगावा लागेल. डबीत घालून, पाणी न लागता कसं ठेवायचं ते दाखवावं लागेल. 'दिवसातून तीन वेळा खा' असं सांगताना आजी एकादशी, चतुर्थी धरतात का, हे विचारलंच पाहिजे. उपवासाला इन्सुलिन तेवढंच घेतलं आणि दिवसभर पोटात काही नाही, तर साखर उतरणार. आणि दोन्ही वेळा साबुदाणा खाल्ला तर चढणार. पायाला बधिरपणा आलेल्या माणसाला 'अनवाणी चालू नका' म्हटलं, तरी भर उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर तो चपला काढूनच जाणार. तिथे मोजे घाला, घरी आल्यावर तळवे आरशात बघा, कुरूप ब्लेडने कापू नका, असं बोलावं लागतं.

शिवाय आपल्याकडे 'सेल्फ' एकटा नसतो. पथ्याचं जेवण सून करते, गोळ्या मुलगा आणतो, दवाखान्यात नात सोबत येते. वॉर्डात खाटेशेजारी बसलेला नातेवाईक हाच घरचा पहिला परिचारक असतो. 'नूरा हेल्थ' या संस्थेने नेमका हाच धागा पकडला. रुग्णालयातल्या नर्सना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी नातेवाइकांना घरच्या काळजीचे धडे देण्याचं काम ही संस्था महाराष्ट्रासह अनेक राज्यांत करते. हे कौशल्य नोकरी लागल्यावर शिकवता येतं, तर कॉलेजात का नाही, हा प्रश्न रास्त आहे.

अडतं कुठे?

वॉर्डात. विद्यार्थी वर्गात जे ऐकतो त्यापेक्षा वॉर्डात जे बघतो ते जास्त शिकतो. एकाच सिस्टरकडे ढीगभर रुग्ण असतात. त्यात इंजेक्शनं, सलाइन, रजिस्टरं आणि डॉक्टरांचा राउंड. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या हातात इंग्रजी कार्ड पडतं, त्यावर 'ओडी', 'बीडी' अशी अक्षरं. रुग्णापाशी दहा मिनिटं बसून बोलणाऱ्या विद्यार्थिनीला 'काम सोडून गप्पा मारतेस का?' असंही ऐकावं लागू शकतं. शिकवण्याला जोवर काम मानलं जात नाही, तोवर त्यासाठी वेळ मिळणार नाही.

एक धोका इथे नोंदवायला हवा. 'स्वतःची काळजी स्वतः घ्या' याचा अर्थ 'आता तुमचं तुम्ही बघा' असा काढणं व्यवस्थेला फार सोयीचं असतं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या परवडत नसतील, उपकेंद्रात गोळ्याच नसतील, तर रुग्णाला कितीही शिकवून साखर आटोक्यात येणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात म्हणूनच दोन्ही बाजू एकत्र धरल्या गेल्या. महाराष्ट्रात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे त्यातले सुरुवातीचे जिल्हे. ठरलेली औषधं, त्यांचा नियमित पुरवठा, घराजवळ पाठपुरावा आणि डॉक्टरांसोबत नर्स व इतर कर्मचाऱ्यांनी वाटून घेतलेलं काम, अशी त्याची रचना आहे.

आत्ताच हे का महत्त्वाचं?

कारण आज शिकणाऱ्यांतले अनेक जण उद्या वॉर्डात नसतील. उपकेंद्राचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात आणि त्यांत नर्सिंगचे पदवीधर मोठ्या संख्येने आहेत. नव्या पदवी अभ्यासक्रमात या पदासाठीची तयारीही जोडलेली आहे. गावातल्या त्या खोलीत डॉक्टर रोज नसतो. मधुमेहाचा, रक्तदाबाचा रुग्ण महिन्याला येतो तो त्यांच्याकडेच. तिथे रंगीत चार्ट भिंतीवर असतोच. उपयोगी पडतो तो समोरच्याला बोलतं करण्याचा सराव.

२०२३ च्या कायद्याने १९४७ चा परिचर्या परिषद कायदा बदलून राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली आहे. शिक्षणाचे निकष ठरवणं हे या आयोगाचं काम. निकष बदलायला फार मोठा खर्च लागेल असंही नाही. कौशल्य परीक्षेत आज ड्रेसिंगचं, इंजेक्शनचं टेबल असतं, तसंच आणखी एक टेबल मांडता येईल. त्यावर बाटल्या दोन, सिरिंज दोन, आणि समोर रुग्ण म्हणून बसवलेला माणूस. विद्यार्थिनी सांगेल, तो मान डोलावून "हो सिस्टर" म्हणेल. मार्क असतील ते त्यानंतर ती काय विचारते याला.